मल्हारीचा उजवा हात

मल्हारी आमच्या घरी आला की चहाची कपबशी डाव्या हाताने घ्यायचा. उजव्या हाताची मूठ मिटलेली असे आणि ती पोटाशी धरलेली असे. नव्याने भेटणाऱ्याला वाटे, हा जन्मापासून असाच असणार. मी मात्र तो हात उघडा असताना पाहिला होता. एके काळी छावणीच्या गुरुवारच्या बाजारात त्याच्याइतका ओळखीचा हात दुसरा नव्हता.

माझे पती गुरांचे डॉक्टर होते. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी त्यांची औरंगाबादला नेमणूक झाली आणि आम्ही छावणीत राहायला आलो. गुरांचा बाजार घरापासून हाकेच्या अंतरावर भरे. गुरुवारी सकाळपासून हंबरणे, घुंगरे आणि धूळ. डॉक्टर बाजारात फेरी मारायचे आणि मीही कधीतरी छत्री घेऊन त्यांच्याबरोबर जायची.

तिथे जनावराचा भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आपल्या हातावर रुमाल टाकी, त्याखाली गिऱ्हाइकाचा हात घेई आणि बोटे दाबून भाव सांगे. एक बोट धरले की एक, चार धरली की चार. ते दहांत की शेकड्यांत, हे जनावर समोर असल्यामुळे दोघांनाही कळे. मग त्याच रुमालाखाली विकणाऱ्याचा हात. निजामाचा हाली सिक्का आणि सरकारी कलदार रुपया तेव्हा दोन्ही चालत, त्यामुळे ‘हाली’ किंवा ‘कलदार’ एवढा एक शब्द मोठ्याने बोलायचा, बाकी सगळे बोटांत. भोवतालच्या माणसांना फक्त हलणारा रुमाल दिसे.

यात लबाडीला किती जागा आहे, हे मला डॉक्टरांनी समजावून सांगितले. विकणाऱ्याला एक भाव सांगायचा, घेणाऱ्याला दुसरा, मधले आपल्या खिशात. दोघांना एकमेकांचा आकडा कधीच कळत नाही. "बहुतेक दलाल हेच करतात," ते म्हणाले. "तो बघ, तो करत नाही."

तो म्हणजे मल्हारी. पडेगावच्या माळावर त्याच्या भावांची मेंढरे असत. हा त्यांच्यातला एकटाच बाजारात रमलेला. उंच, हाडकुळा, डोक्याला तांबडे पागोटे आणि खांद्यावर भंडाऱ्याने कायमचा पिवळा पडलेला रुमाल. दुसरी एक गोष्ट त्याच्यापाशी होती, जी बाजारात कोणापाशीच नव्हती. रुमाल टाकण्याआधी तो जनावराची खोड मोठ्याने सांगे.

"मालक, जोडी ग्वाड हाय," तो गिऱ्हाइकाला म्हणे. "पर उजवीकडचा उन्हात बसतो. दुपारचं औत सोडा, मंग तक्रार नाय."

विकणारा भडके. "आरं, तू माझा दलाल हायस का त्येचा?"

"मी बैलाचा दलाल हाय. त्येला तोंड नाय, म्हनून बोलतो."

लोक हसत. विकणाराही शेवटी हसे, कारण खोड आधी कळल्यामुळे मागाहून भांडण होत नसे आणि मल्हारीच्या जनावराला गिऱ्हाईक लवकर मिळे. ‘मल्हारी काय बोलला नाय, म्हंजे जनावर निर्मळ’ असे लोक म्हणत.

त्याच बाजारात आप्पासाहेबांची दावण होती. पडेगावकडे त्यांची मोठी जमीन, पडीक माळ आणि बारमाही पाण्याची विहीर. खेड्यापाड्यांतून गुरे स्वस्तात घ्यायची आणि छावणीत विकायची, हा त्यांचा धंदा. जनावर विकण्याच्या त्यांच्या युक्त्या डॉक्टरांना तोंडपाठ होत्या. म्हशीला दोन वेळा न पिळता कास तुंबवून बाजारात आणायची. आटत आलेल्या म्हशीपाशी दुसरीचे लहान रेडकू बांधायचे, म्हणजे ती ताजी व्यालेली वाटते. मल्हारीमुळे त्यांची गिऱ्हाइके तुटत होती.

मग बाजारात एक कुजबूज सुरू झाली. मल्हारी खोड सांगतो ते पुण्यासाठी नव्हे, भाव पाडण्यासाठी. वर तुमच्या बैलाला नावे ठेवतो आणि रुमालाखाली घेणाऱ्याकडून आपले काढून घेतो. कुजबूज कोठून निघाली हे सगळ्यांना ठाऊक होते, तरी ती चालली. चालणारच. रुमालाखाली काय होते, हे कोणी पाहिले होते?

मल्हारी डॉक्टरांकडे आला तेव्हा रागाने त्याला नीट बसवतही नव्हते.

"डाक्टरसाब, मी खरा हाय हे दाखवू कसं? दाखवायचं झालं तर रुमाल उचलावा लागंल."

"मग उचल," डॉक्टर म्हणाले.

हे त्यांनी सहज म्हटले होते. मल्हारीने मनावर घेतले.

पुढच्या गुरुवारी तो रुमाल न घेताच बाजारात उभा राहिला. सोयगावकडचा पुंजाराम नावाचा शेतकरी बैलजोडी घेऊन आला होता. मल्हारीने खोड सांगितली, मग घेणाऱ्याचा भाव मोठ्याने सांगितला, पुंजारामचा मोठ्याने सांगितला, आणि दोघांना जुळवूनही दिले. सगळे उघड, चार माणसांदेखत. आपण काहीतरी मोठे केले अशा चेहऱ्याने त्याने पुंजारामकडे पाहिले.

पुंजारामच्या डोळ्यांत पाणी होते. घरात लग्न निघाले होते, म्हणून त्याने जोडी पडत्या भावाने सोडली होती. त्याचे होणारे व्याही पलीकडेच शेळी पाहत उभे होते आणि त्यांनी सगळा भाव ऐकला होता.

"मल्हारी," तो म्हणाला, "रुमाल काय चोरासाठीच असतो का रं? नडलेल्या मानसाची लाज झाकायला नसतो व्हय?"

त्यानंतर कोणी विकणारा त्याच्याकडे आला नाही. घेणारेही येईनात, कारण आपल्या गाठीला किती आहेत हे चव्हाट्यावर यावे असे त्यांनाही वाटत नव्हते. त्याने पुन्हा रुमाल घेतला, तर लोक म्हणाले, आता झाकतोय म्हणजे काहीतरी झाकण्यासारखे आहे. रुमाल ठेवला तर चोर, काढला तर लाज घेणारा. बाजाराच्या कडेच्या बाभळीखाली तो गुरुवारमागून गुरुवार नुसता बसून राहू लागला.

आप्पासाहेब स्वतः त्या बाभळीखाली गेले.

"काय मल्हारराव, उनात बसायची खोड तुलाबी लागली काय?" ते म्हणाले. "चल, माझ्या दावणीला ये."

"तुमच्या जनावराच्या खोडी सांगाव्या लागतील, आप्पासाहेब."

"जनावराचं मी सांगतो. तू फक्त भाव पाहा. रुमालाखाली एक पैशाची लबाडी करू नको, मी कर म्हननारबी नाय. आता तर झालं?"

मल्हारी जागचा उठला नाही, तेव्हा आप्पासाहेबांनी विहिरीचे नाव काढले. त्याच्या भावांची मेंढरे त्यांच्याच माळावर बसत आणि त्यांच्याच विहिरीवर पाणी पीत. "उन्हाळा तोंडावर हाय," एवढेच ते म्हणाले.

अशा रीतीने मल्हारी आप्पासाहेबांच्या दावणीला लागला. भाव तो खराच सांगे, दोन्ही हातांना एकच. खोडीबद्दल मात्र तोंड बंद. आणि त्या बंद तोंडानेच आप्पासाहेबांची गुरे विकली जाऊ लागली, कारण लोकांची जुनी समजूत कायम होती. मल्हारी काही बोलला नाही, म्हणजे जनावर निर्मळ. पूर्वी त्याचे बोलणे खरे होते, आता त्याचे न बोलणे खोटे झाले. हे त्याला पहिल्याच गुरुवारी कळले असावे. तो आमच्याकडे येईनासा झाला.

आमच्याकडे भांडी घासायला सरूबाई होती. तिला नवरा नव्हता. एक म्हैस घ्यायची, दूध घालायचे आणि लोकांची भांडी सोडायची, हे तिच्या बरेच दिवस मनात होते. पैसे जमल्यावर ती म्हणाली, "बाई, तुम्ही संगं चला. एकलीला मला फसवतील." डॉक्टर दौऱ्यावर होते. मी गेले.

आप्पासाहेबांच्या दावणीला एक म्हैस उभी होती. कास टम्म फुगलेली, पायाशी कोवळे रेडकू. सरूबाई तिच्याकडे पाहतच राहिली.

"मल्हारीदादा, ही कशी हाय?"

मल्हारीने म्हशीकडे पाहिले, मग आप्पासाहेबांकडे. "भाव करा, बाई," तो म्हणाला.

"दादा काय बोलला नाय," सरूबाई आनंदाने माझ्या कानात म्हणाली. "म्हंजे चांगली हाय."

मी आप्पासाहेबांना विचारले, "व्यायला किती दिवस झाले?"

"रेडकू बघा ना बाईसाहेब, नाळ नुकती वाळलीय," ते म्हणाले. ते रेडकाबद्दल बोलत होते, म्हशीबद्दल नाही, हे माझ्या लक्षात आले नाही.

बाईने रुमालाखाली हात घालण्याची तिथे रीत नव्हती. भोवतीची माणसे खिदळू लागली. "अरे देखो, आज तो शादी जम गई मल्हारी की!" कोणीतरी ओरडले. सरूबाईने पदर खोचला आणि म्हणाली, "व्हय, अक्षता आन. पैसं माझं हायेत, हातबी माझाच जाईल." तिने हात पुढे केला. पिवळा रुमाल त्यावर पडला.

रुमाल हलला नाही. मल्हारी नेहमीसारखा आभाळाकडे बघत उभा होता. सरूबाईच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू गेले. मग त्याने रुमाल ओढून घेतला आणि आप्पासाहेबांना म्हणाला, "भाव पटंना बाईला."

परतीच्या वाटेवर सरूबाई रडू लागली. मी विचारले, "भाव फार सांगितला का?"

"भाव सांगितलाच नाय, बाई. माझी सगळी बोटं आत मिटवली अन् वरून मूठ दाबून धरली. लई जोरात. सोडंचना."

मिटलेल्या मुठीचा भाव त्या बाजारात नव्हता. ‘घेऊ नको’ एवढाच त्याचा अर्थ होऊ शकत होता. जी गोष्ट मल्हारीला तोंडाने बोलता येत नव्हती, ती बोलायला त्याला जगात तेवढीच जागा उरली होती, एका रुमालाएवढी. माझ्या रोजनिशीत त्या दिवशी मी लिहिले आहे: ‘म्हैस घेतली नाही. स. नाराज. सायंकाळी वारा.’ बाकीचे लिहायला मन धजले नाही. आप्पासाहेबांच्या विहिरीपर्यंत एखादा शब्द पोहोचेल, अशी उगीच भीती वाटली.

पण आप्पासाहेब मूर्ख नव्हते. वाईट जनावराची गिऱ्हाइके रुमालाखालून हात काढला की मागे फिरतात आणि चांगल्या जनावराची फिरत नाहीत, हे त्यांनी चार बाजार पाहिले. ते मल्हारीला काही बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी रुमाल पडला, तसा त्यांनी आपलाही हात खाली घातला आणि मल्हारीचे मनगट धरले.

"माल माझा हाय," ते गिऱ्हाइकाला हसत म्हणाले. "मलाबी कळू द्या की, काय चाललंय ते."

त्या दिवसापासून त्या रुमालाखाली तीन हात असत.

सरूबाईने न घेतलेली ती म्हैस कडूबा नावाच्या शेतकऱ्याने घेतली. घरी नेल्यावर ती रेडकाला जवळ येऊ देईना आणि आठवडा संपायच्या आत आटली. कडूबा पुन्हा बाजारात आला तेव्हा मी डॉक्टरांबरोबर तिथेच होते. मला वाटले, आता मारामारी होणार. कडूबाने आवाजसुद्धा चढवला नाही.

"मल्हारी, घरची म्हनत व्हती, नीट बघून घ्या," तो म्हणाला. "मी म्हनलं, मल्हारी उभा हाय तिथं. बघायचं काय?"

मल्हारी खाली पाहत होता.

"तू कायच बोलला नायस रं," कडूबा म्हणाला आणि निघून गेला.

पुढच्याच गुरुवारी, बाजार ऐन भरात असताना, आप्पासाहेब मल्हारीला दंडाला धरून आमच्या दारात घेऊन आले. त्याच्या उजव्या हाताची मूठ मिटली होती आणि ती उघडत नव्हती. पहाटे उठलो तेव्हापासून असे आहे, असे तो म्हणाला.

डॉक्टरांनी मनगट चाचपले, बोटांची हाडे दाबून पाहिली, कोपर हलवून पाहिले. एक बोट सोडवण्याचा प्रयत्न केला तेव्हा मल्हारीच्या कपाळावर घाम आला. डॉक्टरांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"मी गुरांचा डॉक्टर आहे," ते आप्पासाहेबांना म्हणाले. "या हातावर माझ्याकडे औषध नाही."

"हाडाला काय झालंय का नाय, तेवढं तर सांगा!"

"औषध नाही, एवढंच मला सांगता येईल."

दोघे गेल्यावर मी विचारले, "खरंच काही झालं आहे का हो त्याला?"

"झालं आहे," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

भाव उजव्या हातानेच होई, त्यामुळे हात असा मिटला की दलाली संपली. मल्हारीने स्वतःहून काम सोडले असते, तर विहीर बंद झाली असती. आजारी हाताला मात्र कोणी नोकरी सोडली असे म्हणू शकत नव्हते. आप्पासाहेबांना हे पटले नाही. चंपाषष्ठीला औरंगाबादजवळच्या सातारा गावच्या खंडोबाला धनगरांची मोठी गर्दी असते. त्या गर्दीत, देवळाच्या पायऱ्यांवर, त्यांनी मल्हारीला अडवले. आम्ही दर्शनाला गेलो होतो. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

"उचल भंडारा," आप्पासाहेबांनी हळदीचे ताट पुढे केले. "देवासमोर म्हन, हात खरंच मिटलाय. मंग मी तुला कदी बोलवनार नाय."

धनगर माणूस भंडारा उचलून खोटे बोलत नाही. मल्हारी तर मुळीच बोलला नसता. त्याने डावा हात पुढे केला.

"डाव्या हातानं शपथ व्हत नाय. उजवा!"

तेव्हा मल्हारीच्या कुळातला फकिरा नावाचा म्हातारा मध्ये पडला. "आप्पासाहेब, उजवा उघडला तर भंडारा उचलंल ना त्यो? अन् उघडला तर मंग शपथ कशाची घ्यायची?"

पायऱ्यांवर हशा पिकला. यळकोट यळकोट असा एकच गजर झाला, हळदीच्या मुठी उधळल्या गेल्या आणि आप्पासाहेबांनाही हसावे लागले. देवाने ज्याचा हात मिटवला, त्याच्या भावांचे पाणी तोडण्याची त्यांची नंतर हिंमत झाली नाही. मेंढरे त्या विहिरीवर पाणी पीत राहिली. त्या दिवशी एकटा मल्हारी हसला नाही. शपथ टळली होती, पण आता मूठ कधीच उघडता येणार नव्हती.

त्यापुढची त्याची सगळी वर्षे तशीच गेली. कातरणीच्या दिवसांत भाऊ मेंढ्या कातरीत आणि हा बाजूला बसून लोकर पायाने सारी. पंगतीत डाव्या हाताने जेवावे लागे, म्हणून तो लोकांचे जेवून झाल्यावर कोपऱ्यात बसे. बाजारातली टवाळ पोरे रस्त्यात गाठून म्हणत, "झाकली मूठ सव्वा लाखाची! काय दडवलंय रं मल्हारी?" तो वाट बदलून जाई. आप्पासाहेब वारल्यानंतर मला वाटले होते, आता सुटेल. पण विहिरीवर त्यांची मुले आली, आणि हात अचानक बरा झाला असता तर पायऱ्यांवरचे ते सगळे आठवायला पंचक्रोशी होतीच.

आमच्याकडे मात्र तो पुन्हा येऊ लागला. सरूबाईने पुढे नात्यातल्या एकाकडून म्हैस घेतली होती आणि आमचे दूध तीच घाली. तो आला की ती त्या म्हशीच्या दुधाचा चहा करून त्याच्यापुढे ठेवी, कपाचा कान त्याच्या डाव्या बाजूला करून.

डॉक्टर गेले, आणि काही वर्षांनी मल्हारीही गेला. वाळूजला तेव्हा कारखाने उभे राहत होते. त्याची बायको बानाबाई दिवसकार्य झाल्यानंतर मला भेटायला आली. जमिनीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "बाईसाब, धन्यानं मला बी भंडारा उचलायला लावला व्हता. म्हनून इतकी वर्षं बोलले नाय. आता त्योच नाय, तर बोलते."

हात मिटल्याच्या पहिल्याच वर्षी माळावर एक मेंढी अडली होती. पिल्लू आडवे आलेले. भाऊ दूर होते. बानाबाईचा हात काही पुरेना. मल्हारी शेजारी उभा होता, इकडेतिकडे पाहत. मग तो खाली बसला, मूठ सोडली, हात आत घालून पिल्लू फिरवले आणि ओढून काढले. मातीने हात पुसला आणि मूठ पुन्हा मिटली.

"मी म्हनलं, आवो, हिथं कोन हाय बघायला? घरात तरी उगडा ठिवा. तर म्हनले, बाने, घरात उगडला तर बाहेर ध्यान राहात नाय. एकाच लबाडीला हात घातलाय, ती तरी नीट करू दे."

मी तिला चहा दिला. तो तिने तसाच ठेवला.

"आंघोळ घालताना मी सगळ्यास्नी बाहेर काढलं," ती म्हणाली. "हात मांडीवर घेतला. म्हनलं, धनी, आता सोडा. झालं. आता विहीर नाय, बाजार नाय, कोन बी नाय. येक येक बोट धरून बघितलं, बाईसाब. कोमट पान्यात धरला, तेल चोळलं." तिने आपल्या उजव्या हाताची मूठ मिटून माझ्यापुढे धरली आणि डाव्या हाताने तिचे एक बोट सोडवू लागली, पण आपणच ते घट्ट धरून ठेवले.

"उगडला नाय," ती म्हणाली. "आमच्यात जानाऱ्याच्या हातावर भंडारा ठिवायचा असतो. मी मुठीवरच टाकला."